प्रतिनियुक्तीवरची मावशी

नाना, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुमच्या लेकीने, सुजाताताईंनी, मला बोलायला उभं केलं आणि माझी पंचाईत झाली. माझ्याआधी चौघे बोलले होते. चौघांनीही तुम्हाला मनमिळाऊ म्हटलं. मी माइक हातात घेतला आणि मला हसूच फुटलं. मनमिळाऊ! ज्या माणसाने माझ्या टेबलावर एकाही रविवारी कुणाला सुखाने पान टाकू दिलं नाही, तो मनमिळाऊ? ‘नाना आमच्या टेबलाचे आधारस्तंभ होते’ असं काहीतरी पुटपुटून मी खाली बसले. हा आधारस्तंभ तुम्ही लाल पेनाने खोडला असता, हे तेव्हाच कळत होतं. सुजाताताईंना वाटलं मला रडू आवरेना, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणून आता दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले आणि तुमच्याशी बोलायचं बरंच राहिलंय. त्यातलं एक तर मी मुद्दामच ठेवलं होतं.

आपली ओळख झाली ती तुमच्या हयातीच्या दाखल्यावर. नोव्हेंबरातली रविवारची सकाळ. जळगावात पिंप्राळ्यातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात तुम्ही आलात, काउंटरवर कागद आपटलात आणि म्हणालात, “पोर, मी जित्ता शे. येन्या दोन कॉप्या काढ.”

मी कॉप्या काढत होते, तोवर तुम्ही मागच्या खोलीत डोकावलात. तिथे आमचं रविवारचं टेबल भरलं होतं. चार-पाच मोठी, कामाधंद्याची माणसं रंगीत पानं मांडून एकमेकांवर ओरडत होती. तुम्ही चष्मा वर केलात.

“हाई काय शे? जुगार?”

“नाही हो नाना. खेळ आहे.”

मग मी तुम्हाला समजावलं. बाजारात शेकडो पानं मिळतात, त्यातली साठ आपण आपली निवडायची. कुणाचे योद्धे, कुणाची जनावरं, कुणाची जादू. पानं मैदानात उतरवायची, समोरच्यावर हल्ला करायचा, त्याचे वीस प्राण संपले की डाव आपला. तुम्ही ‘हं’ म्हणालात. पण गेला नाहीत. तेवढ्यात एकाने टेबलावरचं पान उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाला, “एक्झाइल.”

“म्हणजे?”

“हद्दपार, नाना. पान खेळाबाहेर गेलं.”

“कायमचं?”

“नाही, ही पाळी संपेपर्यंत. मग परत येणार.”

“मग ती हद्दपारी कशी?” तुम्ही चक्क चिडलात. “हद्दपार केलेला माणूस असा संध्याकाळी घरी येतो का? ही प्रतिनियुक्ती झाली. तात्पुरत्या स्वरूपात दुसरीकडे पाठवायचं, मुदत संपली की मूळ जागी रुजू.”

चाळीस वर्षं फायली हाताळलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? त्या दिवसापासून आमच्या टेबलावर एक्झाइल हा शब्द कुणी उच्चारला नाही. पाहुणा म्हणून नवीन कोणी खेळायला आला आणि आम्ही “ह्याला प्रतिनियुक्तीवर पाठवतो” म्हणालो, की तो बिचारा नियमांचं पुस्तक चाळत बसायचा.

आणि काय सांगू, खेळ तुम्हाला माझ्याआधी कळला. आपलंच चांगलं पान आपणच बाहेर का पाठवायचं, हे समजायला मला दोन वर्षं लागली होती. तुम्हाला दोन रविवार लागले. तुमच्या हाताला ते पान लागलं, टोपली घेतलेल्या म्हातारीचं. ती मैदानात आली की तुम्हाला दोन नवी पानं मिळायची. तुम्ही तिचं नाव ठेवलंत ‘पहूरची मावशी’. तुमची खरीखुरी मावशी पहूरहून कधी रिकाम्या हाताने आली नव्हती म्हणे. मावशी एकदा आली, दोन पानं दिली, की पुढे तिचा उपयोग काय? टोपली तर रिकामी झाली. मग तुम्ही तिला बाहेर पाठवायचात. पाळी संपली की मावशी पुन्हा रुजू, पुन्हा टोपली भरलेली, पुन्हा दोन पानं. आम्ही हातातल्या तीन पानांना चिकटून बसलेलो आणि तुमच्या हातात पानांचा पंखा. वर विचारणार, “काय, वैशालीबाई, साहित्य कमी पडतंय का?”

तुमची दुसरी खोड तर त्याहून वाईट. मी अख्खा डाव जपून ठेवलेली विजेची जादू तुमच्या पानावर टाकायची, आणि ती पडायच्या आत तुम्ही ते पान प्रतिनियुक्तीवर पाठवून मोकळे. वीज पडली रिकाम्या जागेवर. आणि तुम्ही खास कचेरीचा आवाज काढून वाचून दाखवल्यासारखं म्हणायचात, “इसम दिल्या पत्त्यावर मिळून आला नाही, सबब नोटीस परत.” टेबल हसून लोळायचं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी पानं फेकून काउंटरवर जाऊन बसले होते. तुम्ही एका कोऱ्या कागदाची झेरॉक्स मागायला आलात. कोऱ्या कागदाची! मी दिली, आणि मग मला हसू आवरेना.

रजिस्टरवरून आपलं भांडण मात्र खरं होतं. बाहेर गेलेल्या पानांसाठी तुम्ही शंभर पानी वही घातलीत, वर सुरेख अक्षरात ‘हालचाल नोंदवही’. पानाचं नाव, गेल्याची वेळ, कारण, परतीची वेळ, सही. गेलेलं पान त्या वहीवर ठेवायचं आणि आलं की सही करायची. मी म्हटलं, नाना, इतक्या वेळात दोन डाव होतील. तुम्ही ऐकलं नाही. एकदा माझा हत्ती मी असाच बाहेर पाठवला आणि विसरले. दोन पाळ्यांनंतर आठवला, परत घ्यायला गेले, तर तुम्ही वहीवर हात ठेवलात.

“मुदतीत परत बोलावला नाही. आता तो कायमचा गेला.”

“असा नियम कुठे आहे?”

“आतेपासून शे.”

टेबलाने तुमच्या बाजूने हात वर केले. हत्तीविना मी हरले आणि तो आमचा घरचा नियम होऊन बसला. धुळ्यात आमच्यासारखंच एक टेबल भरतं, पुढे त्यांनीही तो उचलला. मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही. हरणं मला सहन होत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. पिंप्राळ्यातल्या कुणालाही विचारा.

आणि तो दुसरा वाद, जो मिटलाच नाही. मी म्हणायचे, परत आलेलं पान नवं असतं. त्याला बांधलेल्या बेड्या गळून पडतात, त्याच्यावरचे शाप जातात. त्या पाळीत त्याला हल्ला करता येत नाही, नवख्यासारखं उभं राहावं लागतं. नियमात तसं स्पष्ट लिहिलंय. तुम्ही मान हलवायचात. “रुजू झाला म्हणून माणूस नवा व्हस का? सेवापुस्तक तेच ऱ्हास ना!” मी नियम दाखवायचे, तुम्ही सेवापुस्तक. मला वाटायचं तुम्ही नुसता हेका धरून बसलाय.

मग सुजाताताईंनी मला चोपड्याचं सांगितलं.

धुळ्यातल्या एका कचेरीत तुम्ही वीस वर्षं होतात. एके दिवशी आदेश आला, चोपड्याला तीन महिन्यांसाठी जा, तात्पुरत्या स्वरूपात. तुम्ही टेबलाच्या खणाला कुलूप लावलंत, शिपायाला “तीन महिन्यांत येतो” म्हणून सांगितलंत आणि गेलात. तीन महिन्यांचे सहा झाले. मग एक ओळ आली, ‘पुढील आदेश होईपर्यंत’. तो पुढील आदेश कधी झालाच नाही. कुणाचा राग होता म्हणावं तर तसंही नाही, कागद कुठेतरी दबला आणि कुणी वर काढला नाही. एकोणीस वर्षांनी तुम्ही चोपड्यातूनच निवृत्त झालात आणि लेकीजवळ पिंप्राळ्याला आलात. पण त्या एकोणीस वर्षांत आणि त्यानंतरही तुम्ही धुळ्याच्या हद्दीत पाय ठेवला नाही. नातलगांची लग्नं सोडलीत. पारोळ्यापर्यंत जायचात, तिथून आहेर पाठवून परत.

मी एकदा विचारलं तर तुम्ही पानं पिसता पिसता म्हणालात, “कसाले जाऊ? माले कोनी बलाई राहिनं का?”

बोलावणं नाही म्हणून जात नाही, असं हसत म्हणालात. पण त्या दिवशी मावशीची परतीची वेळ तुम्ही वहीत दोनदा लिहिलीत. त्यानंतर मी वहीवरून कधी भांडले नाही. तुमच्या ते लक्षात आलं होतं का, देव जाणे.

आणि नेमकी त्याच वर्षी धुळ्याशी लढत ठरली. जोड्यांची. जळगावचं टेबल विरुद्ध धुळ्याचं टेबल, बक्षीस स्टीलचा तांब्या, जिंकणाऱ्या जोडीची नावं त्यावर कोरायची. आधीची तिन्ही वर्षं धुळ्याचीच नावं. मला तो तांब्या हवा होता, नाना. इतका हवा होता की माझ्या दुकानात तो कुठे ठेवायचा ती फळीसुद्धा मी पुसून ठेवली होती. आणि माझा जोडीदार तुमच्याखेरीज दुसरा कोण असणार? पण लढत धुळ्याला होती. तुम्ही म्हणालात, “दुसरा कोणी बघ.”

मग मी आदेश काढला. दुकानातल्या कॉम्प्युटरवर, तुमच्या भाषेत, रीतसर. ‘आपली तात्पुरत्या स्वरूपातील प्रतिनियुक्ती याद्वारे संपुष्टात आणण्यात येत असून आपण येत्या रविवारी मध्यान्हपूर्व धुळे येथे न चुकता रुजू व्हावे. विलंब झाल्यास शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र राहाल.’ खाली दुकानाचा शिक्का मारला आणि तुमच्या हातात दिला.

तुम्ही तो वाचलात. मला वाटलं हसाल. तुम्ही पुन्हा वाचलात. मला वाटलं, आपण नको तिथे हात घातला. मग तुम्ही खिशातून लाल पेन काढलंत.

“जावक क्रमांक नाही. प्रत माहितीस्तव कोणाला, ते नाही. असल्या आदेशावर मी जागचा हलणार नाही.”

मी तिथल्या तिथे जावक क्रमांक एक टाकला. माहितीस्तव प्रत मावशीला दिली. तुम्ही आदेशाची घडी घालून वरच्या खिशात ठेवलीत आणि विचारलंत, “बस कितीची आहे?”

त्या रविवारी बसमध्ये एरंडोलपर्यंत तुम्ही मला डावपेच शिकवत होतात. समोरच्याचं पान काढायचं असेल तर मारायलाच हवं असं नाही, त्याच्या पहारेकऱ्याला एका पाळीपुरतं प्रशिक्षणाला पाठव आणि तेवढ्यात घुस. आणि सगळ्यात मोठी युक्ती, पाळीच्या अगदी शेवटी पाठवायचं. “कचेरी सुटताना पाठवलेला माणूस त्याच संध्याकाळी परत येत नाही, पोर. तो दुसऱ्या दिवशी कचेरी सुटताना येतो. मधला अख्खा दिवस तो सुरक्षित.” पारोळा गेलं आणि डावपेच तिथेच राहिले. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात, वरचा खिसा चाचपत होतात. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

देवपुरातल्या एका क्लासच्या हॉलमध्ये लढत होती. पहिला डाव त्यांनी घेतला, दुसरा आपण. तिसरा अटीतटीचा. समोर प्रज्ञा होती, धुळ्याची सगळ्यात हुशार खेळाडू, आणि तिच्या हातात सगळं मैदान झाडून नेणारी जादू आहे हे तुम्ही तिच्या तोंडावरून ओळखलंत. आपली पाळी संपता संपता तुम्ही मावशीला बाहेर पाठवलंत, कचेरी सुटताना. वहीत नोंद केलीत. प्रज्ञाने जादू टाकली, मैदानातलं सगळं गेलं, त्यांचंही आणि आपलंही. फक्त मावशी शाबूत, आपल्या वहीवर. तिच्या पाळीच्या शेवटी मावशी परत येणार, दोन पानं देणार, आणि रिकाम्या मैदानात आपण जिंकणार. प्रज्ञाने कपाळाला हात लावला. मला फळीवरचा तांब्या दिसायला लागला.

आणि दारातून एक म्हातारा आत आला. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. प्रज्ञाचे वडील. तुम्ही वर पाहिलंत आणि तुमच्या हातातली पानं टेबलावर पालथी पडली. तुमच्या कचेरीतला शिपाई, आत्माराम.

“नाना! परत उनात का?” तो दारातूनच ओरडला. “तीन महिनामा येस म्हनेल व्हतात ना तुम्ही!”

तुम्ही उठलात. तुम्ही त्याच्याकडे चालत गेलात की धावत, ते मला सांगता येणार नाही. दोघे एकमेकांचे दंड धरून उभे राहिलात. प्रज्ञाची पाळी संपली. मी पान उचललं, आपली पाळी सुरू झाली. तुम्ही डोळे पुसत परत येऊन बसलात, वहीकडे पाहिलंत आणि तुमचा चेहरा उतरला. मावशी तिथेच होती.

“नाना, घ्या ना परत,” प्रज्ञा म्हणाली. “एवढं काय त्यात.”

“नियम शे,” तुम्ही म्हणालात. “मनाच शे.” स्वतःचा नियम तुम्ही मोडणार होतात थोडेच!

आपण हरलो.

पण त्यानंतरची दुपार आठवते ना? जळगावहून तुम्ही येणार हे प्रज्ञाकडून कळल्यावर आत्मारामभाऊंनी पिशवीत तुमच्या खणातलं सामान आणलं होतं. कचेरीतली जुनी टेबलं बदलली तेव्हा त्यांनी कुलूप तोडून ते घरी नेऊन ठेवलं होतं. टाचण्यांची डबी, कंगवा, आणि बडीशेपेची बाटली. बडीशेपेचा दगड झाला होता. “साहेब येतीन तव्हय लागी,” असं ते बायकोला दरवर्षी सांगायचे म्हणे. तुम्ही तो दगड खडखड वाजवून दाखवलात आणि इतके हसलात की क्लासवाल्या सरांनी आत येऊन बघितलं. मग तुम्ही दोघे आम्हाला कचेरी दाखवायला घेऊन गेलात. रविवार, फाटक बंद. तुम्ही फाटकाबाहेर उभं राहून कोणाचं टेबल कुठे होतं ते बोटाने दाखवत होतात, आत्मारामभाऊ तुम्हाला दुरुस्त करत होते. तिथेच प्रज्ञाच्या गाडीच्या सीटवर कागद ठेवून तुम्ही लिहिलंत आणि मला दिलंत, ‘आदेशानुसार मी आज धुळे येथे रुजू झालो आहे. माहितीस्तव सविनय सादर.’ खाली सही. तो कागद मी लॅमिनेट केलाय, नाना. लॅमिनेशनचं यंत्र माझंच आहे, त्यामुळे दोनदा केलाय.

परतीच्या बसमध्ये मात्र तुम्ही हळहळत होतात. “तांब्या माझ्यामुळे गेला, वैशाली.” मी म्हटलं, जाऊ द्या. पुढच्या रविवारी दुकानात शिरताना पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. “इतक्या वर्षांत एक पान विसरलो नव्हतो. नेमकं तुझ्या तांब्याच्या वेळी विसरलो.” मी मोठ्या मनाने म्हणायचे, होतं असं कधीकधी, नाना. मधल्या दिवसांत तुम्ही दोनदा धुळ्याला जाऊन आलात, एकदा आत्मारामभाऊंच्या नातीच्या बारशाला आणि एकदा काहीच कारण नसताना. काहीच कारण नसताना, नाना! तुम्ही येताना माझ्यासाठी तिथली शेव आणलीत आणि वर पुन्हा माफी मागितलीत. चौथ्या रविवारी तुम्ही आला नाहीत. दुपारी जेवून आडवे झालात ते झालातच, असं सुजाताताई फोनवर म्हणाल्या.

तर जे मी मुद्दाम ठेवलं होतं, ते आता सांगते. तुमच्या त्या नियमाला तुम्हीच एक पुरवणी जोडली होती. जोडीदाराने आठवण करून दिली तर चालेल. एक शब्द पुरे होता, ‘मावशी’. प्रज्ञाने “झाली माझी पाळी” म्हटलं आणि थांबली, चांगले पाच-सहा श्वास थांबली, कारण ती सज्जन मुलगी आहे. ती माझ्याकडे बघत होती. मला ते पान दिसत होतं, नाना. वहीवर, माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर. माझ्या तोंडात शब्द आला होता. मी मान वर केली तर तुम्ही आत्मारामभाऊंचे दंड धरून उभे होतात, आणि तुमची पाठ माझ्याकडे होती. मी हाक मारली असती तर तुम्ही वळला असतात. नियमाचा माणूस, लगेच वळला असतात, आणि त्याला तिथेच सोडून टेबलाकडे आला असतात.

मी मूग गिळून पान उचललं. तुम्ही महिनाभर ज्या चुकीची माफी मागितलीत ती माझी होती, आणि ती मी जाणूनबुजून केली. इतक्या आनंदाने मी आयुष्यात दुसरं काही हरलेली नाही.